घड्याळ कधी लावायचं? ओव्हनमधली काच आणि तिचे दोन तास

भारनियमनाच्या दिवसांतली गोष्ट. तालुक्याच्या गावी एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. प्रयोगशाळेतले मामा सकाळी आल्या आल्या हॉट एअर ओव्हन (गरम हवेनं काच निर्जंतुक करायची पेटी) लावत, म्हणजे दुपारच्या प्रॅक्टिकलला पेट्री डिश (जंतू वाढवायच्या काचेच्या उथळ बश्या) आणि पिपेट (द्रव मोजून घ्यायच्या नळ्या) तयार असत. एके दिवशी अकराला वीज गेली, बाराला आली. मामा दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, दोन तासांतला एक झाला होता. आता एकच ठेवू, का पुन्हा दोन?"

मी म्हटलं, "पुन्हा दोन." मामांना ते पटलं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं. मेलेले जंतू वीज गेली म्हणून परत जिवंत होत नाहीत. मग झालेला तास वाया का घालवायचा? नीट उत्तर द्यायला मला त्या दिवशी अर्धा तास लागला. इथे जरा जास्त लागेल.

आधी आकडे, कारण बहुतेकांना तेवढेच हवे असतात. कोरड्या गरम हवेनं काच निर्जंतुक करायची तर १६० अंश सेल्सिअसला २ तास, १७० ला १ तास, १८० ला अर्धा तास. ओव्हन १५० च्या वर जात नसेल तर अडीच तास. काही जुन्या क्रमिक पुस्तकांत १६० ला १ तासच दिलेला सापडतो आणि त्यावरून तोंडी परीक्षेत वाद होतात. मी नेहमी दोनच सांगत आले. पण या सगळ्या आकड्यांच्या मागे एक अट आहे आणि ती बहुतेक वेळा गाळली जाते. हे तास मोजायचे ते आतली काच त्या तापमानाला पोचल्यापासून. बटण दाबल्यापासून नव्हे, आणि वरच्या थर्मामीटरनं १६० दाखवल्यापासूनही नव्हे.

आता ऑटोक्लेव्ह बघा, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं कुकरसारखं यंत्र. तिथे १२१ अंशांची वाफ १५ मिनिटांत काम उरकते. म्हणजे ओव्हन चाळीस अंशांनी जास्त गरम आणि तरी त्याला आठपट वेळ. पहिल्या वर्षाची मुलं इथे हमखास अडखळतात. जास्त गरम ते जास्त जहाल, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं.

हा हिशेब उलटा का पडतो ते स्वयंपाकघरात दिसतं. बेसन पाण्यात कालवून आधणात सोडलं की पाच-सात मिनिटांत पिठलं तयार. तेच बेसन लाडवासाठी भाजायला घ्या. कढई उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, तरी अर्धा तास उलथनं फिरवून हात दुखायला लागतो. पीठ तेच, आच तेवढीच किंवा जास्त. पिठल्यात पाणी आहे, कढईत नाही, एवढाच फरक.

जंतूंच्या बाबतीत हाच फरक मोजून ठेवलेला आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा एक जुना तक्ता असतो. बलकातल्या प्रथिनात निम्मं पाणी असेल तर ते ५६ अंशांना गोठतं. पाणी एक चतुर्थांश असेल तर ७४ ते ८० अंश लागतात. पाणी ६ टक्क्यांवर आणलं तर १४५. आणि पूर्ण कोरडं केलं की थेट १६० ते १७०. हा शेवटचा आकडा ओळखीचा वाटला ना? ओव्हनचं तापमान काही कुणी गोल आकडा आवडला म्हणून ठरवलेलं नाही.

प्रथिन म्हणजे घडी घातलेला लांब धागा समजा. ती घडी उलगडली की प्रथिन निकामी होतं आणि जंतू मरतो. पाण्याचे रेणू घडीच्या सांध्यांत शिरून ती सैल करतात. पाणीच नसेल तर घडी कडक होऊन बसते, कांजी केलेल्या साडीसारखी. मग उष्णतेला दुसरा मार्ग धरावा लागतो. जंतूचे घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू करपतात, उरलंसुरलं पाणी निघून जातं, आतली रचना मोडते. वाफ जंतूला शिजवते, कोरडी हवा त्याला भाजते. भाजायला वेळ जास्त लागतो.

हा सगळा खटाटोप साध्या जंतूंसाठी नसतो. ते बिचारे ६०-७० अंशांच्या ओल्या उष्णतेतही टिकत नाहीत. ६३ अंशांना अर्धा तास ठेवून दूध पाश्चराइझ करतात ते त्याच भरवशावर. खरी अडचण बीजाणूंची. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या घराण्यांतले जंतू दिवस वाईट आले की स्वतःभोवती एकावर एक थर चढवून आत पडून राहतात. गाभ्यातलं पाणी कमी करून टाकतात. म्हणजे जे कोरडेपण ओव्हनमध्ये आपल्याला नडतं, ते त्यांनी आधीच अंगात मुरवून घेतलेलं असतं. माती, धूळ, शेण, झाडूचा कचरा, सगळीकडे ते असतात. धनुर्वाताचा जंतू याच जातीचा.

दुसरी गोष्ट उष्णता वाहून नेण्याची, आणि इथे हवेची लबाडी उघडी पडते. एक साधा हिशेब करू. १०० लिटरचा ओव्हन घ्या. १६० अंशांना त्यात जेमतेम ८० ग्रॅम हवा मावते, कारण तापलेली हवा विरळ होते. ती हवा खोलीच्या तापमानापर्यंत पूर्ण निवली तरी तिच्याकडून साधारण २,५०० कॅलरी उष्णता मिळेल. आता आत फक्त एक किलो काच ठेवलीय असं समजा. तिला ३० वरून १६० अंशांवर न्यायला सुमारे २६,००० कॅलरी लागतात. म्हणजे ओव्हनभर हवेनं आपली सगळी कमाई ओतली तरी एका किलोच्या गरजेचा दहावा हिस्सा भागतो. ती हवा पुन्हा तापायची, पुन्हा काचेवरून फिरायची, पुन्हा निवायची, असे कित्येक फेरे. वाफेचं तसं नाही. एक ग्रॅम वाफ गार काचेवर टेकून पाणी झाली की त्या क्षणी ५४० कॅलरी तिथे सोडते. कुकरच्या वाफेचा चटका आणि ओव्हनचं दार उघडल्यावर तोंडावर येणारी गरम हवा, दोन्ही अनुभवलेल्यांना हा आकडा हाताच्या कातडीनं कळलेला असतो.

म्हणून ओव्हनला पंखा लागतो. पंख्याशिवाय गरम हवा वर जाऊन बसते आणि खालच्या कप्प्यात वेगळाच ऋतू चालू असतो. आमच्याकडच्या ओव्हनचा पंखा एकदा बंद पडला होता आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. वरच्या कप्प्यातल्या डिश ठीक, खालच्या कप्प्यातल्या डिशमध्ये ओतलेल्या माध्यमावर, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्यावर, तिसऱ्या दिवशी जंतूंच्या पांढऱ्या सुरकुतलेल्या वसाहती. मुलांना वाटलं, आपला हात वाईट.

हे दुखणं फार जुनं आहे. बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आणि त्यांचे सहकारी व्होल्फह्यूगेल यांनी १८८१ मध्ये गरम हवेची कसून तपासणी केली. तोवर कपडे, गाद्या, घोंगड्या गरम हवेच्या खोलीत ठेवल्या की रोगजंतू मरतात असं सर्रास धरून चालत. या दोघांना दिसलं की बीजाणू मारायला १४० अंशांची हवा तब्बल तीन तास लागते, आणि कापडाची जाड गुंडाळी तितक्या वेळात मधोमध पुरती तापतही नाही. बाहेर कापड करपायच्या बेताला आलेलं आणि पोटात बीजाणू सुखरूप. त्याच वर्षी कॉख, गाफकी आणि लफ्लर यांनी वाफेचे प्रयोग करून वाफ किती सरस ते दाखवलं. तरी कोरड्या उष्णतेची गरज संपली नाही. पॅरिसमध्ये गास्ताँ पूपिनेल यांनी १८८५ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी गरम हवेची पेटी वापरात आणली. फ्रेंचमध्ये अशा ओव्हनला अजूनही पूपिनेलच म्हणतात.

मग वाफ एवढी गुणाची असताना ओव्हन हवाच कशाला? ऑटोक्लेव्हमधून निघालेली डिश ओली असते. कोरडी पिपेट हवी असेल, पावडर, तेल, ग्लिसरीन किंवा व्हॅसलीन निर्जंतुक करायचं असेल, तर वाफेचा उपयोग नाही. तेलात आणि पावडरीत ती शिरत नाही. धारदार हत्यारांना वाफेनं गंज चढतो. काचेसाठी आणखी एक मोठं कारण आहे, त्याकडे नंतर येते.

आता तास कुठून आले त्याचा हिशेब. जंतू एकदम मरत नाहीत, हप्त्याहप्त्यानं मरतात. ठरावीक तापमानाला ठरावीक मिनिटांत असतील त्यातले ९० टक्के मरतात. उरलेल्यांतले ९० टक्के पुढच्या तेवढ्याच मिनिटांत. ओव्हनची परीक्षा घ्यायला बॅसिलस अॅट्रोफियस नावाच्या जंतूचे बीजाणू वापरतात, कारण कोरड्या उष्णतेला ते चिवट आहेत. १६० अंशांना त्यांचा हा हप्ता अडीच मिनिटांचा धरू. सुरुवातीला १० लाख असतील तर अडीच मिनिटांनी १ लाख, पाच मिनिटांनी १० हजार, आणि पंधराव्या मिनिटाला एक. इथे थांबायचं नसतं, कारण एक म्हणजे शून्य नव्हे. आणखी पंधरा मिनिटं दिली की तो एक वाचण्याची शक्यता दहा लाखांत एकवर येते. औषधांच्या दुनियेत निर्जंतुक या शब्दाचा अर्थ साधारण एवढाच. शून्याची हमी कुणी देत नाही, शक्यता नगण्य करून दाखवतात.

म्हणजे अर्ध्या तासात भागलं. मग दोन तास का? कारण हा अर्धा तास आदर्श बीजाणूंचा, आदर्श काचेवरचा आहे. प्रत्यक्षात ओव्हनचा एखादा कोपरा पाच-सात अंशांनी गारच राहतो. डब्याच्या मध्यभागची डिश कडेच्या डिशपेक्षा उशिरा तापते. मातीतले रानटी बीजाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्यांपेक्षा चिवट असू शकतात. वाळलेल्या रक्ताच्या किंवा माध्यमाच्या पापुद्र्याखाली दडलेल्यांना तर पांघरूणच मिळतं. या सगळ्याची भरपाई म्हणून चौपट वेळ.

तापमान बदललं की हप्ता कसा बदलतो, ते जास्त मजेदार आहे. कोरड्या उष्णतेत दर २० अंशांनी वेग दहापट होतो किंवा दहापट घटतो. १६० ला अडीच मिनिटं लागत असतील तर १८० ला पंधरा सेकंद पुरतात. उलट १४० ला पंचवीस मिनिटं, आणि १२० ला अडीचशे मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त, तेही एका हप्त्याला. बारा हप्ते पूर्ण करायचे तर पन्नास तास. ऑटोक्लेव्ह बिघडलाय, ओव्हन १२१ ला लावून पंधरा मिनिटं ठेवू का, असं मला एका मुलीनं विचारलं होतं. हा हिशेब मी तिला फळ्यावर करून दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे सोमवारी लावलं तर बुधवारी!" काच वाळवायला जो ओव्हन १०० अंशांवर चालू असतो, त्यातली भांडी गरम असतात, कोरडी असतात, निर्जंतुक नसतात. हा गैरसमज मी चांगल्या चांगल्या ठिकाणी पाहिला आहे.

आता घड्याळाकडे परत येऊ, म्हणजे मामांच्या प्रश्नाकडे.

ओव्हनचा वेळ तीन तुकड्यांचा असतो. पहिला तापण्याचा, दुसरा टिकवण्याचा, तिसरा निवण्याचा. पुस्तकातले दोन तास म्हणजे फक्त मधला तुकडा. पहिला तुकडा किती मोठा, ते आत काय आणि किती भरलंय त्यावर ठरतं. रिकामा ओव्हन अर्ध्या तासात १६० ला पोचेल, पण गच्च भरलेल्याला दीड तासही लागू शकतो. आणि थर्मामीटर दाखवतो ते हवेचं तापमान. काच त्याच्या मागून, रेंगाळत येते. मोठ्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत तापमान मोजणारी तार थेट भांड्याच्या पोटात सोडतात आणि सगळ्यात गार भांडं १६० ला पोचलं की घड्याळ लावतात. आमच्याकडे तार नव्हती. आम्ही एकदा सुट्टीच्या दिवशी ओव्हन नेहमीसारखा भरून, वरच्या भोकातून लांब थर्मामीटर मधल्या डब्यापर्यंत घालून, किती मिनिटं मागे पडतं ते मोजून ठेवलं. पस्तीस मिनिटं आली. तेव्हापासून हवेनं १६० दाखवल्यावर पस्तीस मिनिटं सोडून द्यायची, मग मोजायला लागायचं, असा नियम केला.

वीज गेली त्या दिवशी मामांनी मोजलेल्या एका तासातला नेमका किती वेळ काच पूर्ण तापलेली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. वीज नसताना ती किती निवली, आल्यावर पुन्हा १६० ला कधी आली, तेही नाही. मारले गेलेले बीजाणू मेले होतेच, त्यांचा हिशेब फुकट गेला नव्हता. पण किती मेले ते सांगता येत नसेल तर तो हिशेब धरता येत नाही. म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

भरण्याची रीत सांगते, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. काच घासून, स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून घ्यायची. ओली काच आत घातली तर आधी पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, आणि थेंबांच्या जागी काच तडकू शकते. परीक्षानळ्यांना आणि फ्लास्कना कापसाचे बोळे. पिपेटच्या तोंडाच्या टोकाला कापसाची छोटी चिमूट, मग सगळ्या पिपेट टोक खाली करून धातूच्या उभ्या डब्यात. पेट्री डिश धातूच्या डब्यात, नाहीतर खाकी कागदात गुंडाळून. भांड्याभांड्यांत बोटभर जागा. भिंतीला काहीही टेकू द्यायचं नाही, कारण भिंत हवेपेक्षा जास्त तापते. ट्रेवर वर्तमानपत्र अंथरणारे लोक मी पाहिले आहेत. कागद भोकं बुजवतो आणि हवा अडते, शिवाय १८० च्या पुढे कागद आणि कापूस दोन्ही करपायला लागतात. बोळा बदामी झाला की ओव्हनचा काटा खोटं बोलतोय असं खुशाल समजावं.

झाकणांचं एक लक्षात ठेवा. बाटल्यांची निळी झाकणं बहुधा पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकची असतात. ऑटोक्लेव्हमध्ये ती मजेत राहतात, १६० च्या ओव्हनमध्ये वितळून बाटलीच्या गळ्यात ओघळतात. रबराची बुचंही नकोत.

झालं की नाही हे कळायचं कसं? ब्राऊन ट्यूब नावाची बोटाएवढी काचेची नळी मिळते. आतला लाल द्रव पुरेशी उष्णता पुरेसा वेळ मिळाली की पिवळा होत होत हिरवा होतो. रंग बदलणाऱ्या पट्ट्याही असतात. पण अंतिम साक्ष बीजाणूंचीच. बॅसिलस अॅट्रोफियसची पट्टी सगळ्यात गार जागी ठेवायची, नंतर ती पोषक द्रवात सोडून इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबेच्या पेटीत, ठेवायची आणि काही उगवतं का ते बघायचं. ऑटोक्लेव्हसाठी वापरतात ती दुसऱ्या जंतूची पट्टी इथे चालत नाही. तो जंतू वाफेला चिवट आहे, म्हणून कोरड्या हवेलाही तेवढाच चिवट असेल असं नाही.

ज्योतीत चिमटा लाल करणं, लूप (जंतू उचलायची तार) तापवणं, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवणं, हीसुद्धा कोरडी उष्णताच, फक्त काही सेकंदांची आणि फार जहाल. ती टाळली तर काय होतं, याचं मुंबईशी नातं असलेलं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगायची. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि ती परळच्या प्रयोगशाळेत बाटल्यांत भरून देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती टोचली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांतल्या १९ जणांची लस ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली होती. त्या सगळ्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. बाकीच्यांना काही झालं नाही. आधी लशीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक अॅसिड घालत असत. हाफकिन यांनी ते सोडून उष्णतेवर भर दिला होता. झालं, बोट त्यांच्याकडे वळलं. त्यांना पदावरून बाजूला व्हावं लागलं.

पुढे कागदपत्रं पुन्हा तपासली गेली तेव्हा गावातल्या त्या सकाळचा तपशील पुढे आला. बाटली उघडण्याआधी मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून त्या चिमट्यानंच बाटलीचं बूच काढलं गेलं. जमिनीवरच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असणं यात नवल काहीच नाही, आणि असल्या रसायनात चार क्षण बुचकळून बीजाणू मरत नाहीत, हे तेव्हाही माहीत होतं. मलेरियावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे लावून धरली. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचंच नाव दिलं गेलं. ही गोष्ट सांगितल्यावर निदान त्या दिवशी तरी मुलं चिमटा दोनदा ज्योतीत धरत.

आता मघाशी राखून ठेवलेलं कारण. जंतू मेला तरी त्याचं कलेवर काचेवर चिकटलेलं असतं. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एक पदार्थ असतो, एन्डोटॉक्सिन. तो रक्तात गेला की जिवंत जंतू एकही नसताना थंडी वाजून ताप भरतो. शिरेतून औषध दिल्यावर येणारा हा ताप एकेकाळी डॉक्टरांना कोडं होता. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ मध्ये त्याचा माग काढला. ऊर्ध्वपातन केलेल्या पाण्यातही जंतूंचे हे अवशेष येतात, हे त्यांनी दाखवलं. ऑटोक्लेव्हच्या नेहमीच्या १५ मिनिटांनी हा पदार्थ नष्ट होत नाही. १६० च्या दोन तासांवरही इथे विसंबता येत नाही. त्याला अक्षरशः जाळावं लागतं, म्हणजे २५० अंशांना अर्धा तास. इंजेक्शनच्या कुप्या बनवणाऱ्या कारखान्यांत काचेच्या कुप्या एका बोगद्यातून सरकत जातात. आत साधारण ३०० अंशांची हवा असते आणि काही मिनिटांत काम होतं. लस घेताना जी इवलीशी कुपी दिसते, ती औषध भरण्याआधी अशी भट्टीतून जाऊन आलेली असते. हे प्लॅस्टिकला जमणारं नाही.

घरच्या बरण्यांविषयी विचारणारे खूप असतात. ओव्हनमध्ये बरणी १०० ते १२० अंशांना पंधरा मिनिटं ठेवली तर ती कोरडी खडखडीत होते, बुरशी आणि साधे जंतू बऱ्यापैकी मरतात. लोणच्याला तेवढं पुरतं, पण श्रेय बरणीला देऊ नका. लोणचं टिकतं ते मिठानं, आंबटपणानं आणि वरच्या तेलानं, मुरांबा टिकतो तो साखरेनं. बीजाणू त्या बरणीत असतातच. आंबटपणामुळे त्यांना डोकं वर काढता येत नाही. म्हणूनच जे आंबट नाही, खारट नाही, ते नुसतं तेलात बुडवून महिनोन्महिने बाहेर ठेवणं धोक्याचं. सोललेला लसूण तेलात घालून ठेवतात, तो प्रकार यातला. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. घरचा ओव्हन तिथे मदतीला येत नाही. असला लसूण फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा.

शेवटचा तुकडा निवण्याचा. प्रयोगशाळेची चांगली काच बोरोसिलिकेट असते. ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना गावी ती घडवली. साध्या काचेच्या मानानं ती उष्णतेनं जेमतेम एक तृतीयांश फुगते, म्हणून १८० अंशांचं तिला काही वाटत नाही. तिला सोसत नाही तो तापमानातला अचानक फरक, त्यातून तळ जाड असेल तर फारच. तापलेल्या ओव्हनचं दार उघडलं की बाहेरची गार हवा आत घुसते, काच तडकते, आणि तीच धुळीची हवा बोळ्यांमधून भांड्यांत ओढली जाते. दोन तास केलेली सगळी मेहनत दोन मिनिटांत. ओव्हन बंद करून दार न उघडता तो ६० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबायचं. त्याला दीड-दोन तास सहज लागतात.

आमच्या ओव्हनचा दिवस मग असा जायचा. साडेनऊला बटण. साडेदहाला हवा १६० वर. अकरा पाचला घड्याळ. एक पाचला बंद. तीनच्या आसपास दार. मामांनी नोंदवहीत या पाच वेळांचे पाच रकाने आखले आणि सहावा रकाना स्वतःहून जोडला, 'लाईट'. प्रॅक्टिकल दोनला असायचं. त्यामुळे भारनियमन संपल्यावरसुद्धा आम्ही डिश आदल्या दिवशीच ओव्हनला लावत राहिलो आणि सकाळपर्यंत डबे न उघडता आतच राहू देत असू.